'आम्हाला आशा होती...' आणि बाकावरची ती बाई

पैलतीर (धागाकर्ती)
बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लांबण लागेल, कंटाळा आला तर सोडून द्या, रागावणार नाही.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. आजार लांबलेला, त्यामुळे "तुमच्या मनाची तयारी झाली असेल ना" असं लोक म्हणायचे. अशी तयारी होत नसते हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. चर्चला जात होते, गीतं म्हणत होते, 'आमेन' बरोबर जागेवर पडत होतं, पण प्रार्थना बंद. देवावर राग होता म्हणाल तर तेही नाही, राग असता तर निदान भांडण तरी झालं असतं. सगळं कोरडं. पाळक म्हणायचे पुनरुत्थानाची आशा धरा, मंडळीतल्या बहिणी म्हणायच्या आशा सोडू नका, आणि मला मनातून वाटायचं की ही धरायची-सोडायची वस्तू ठेवलीय कुठे ते तरी कुणी सांगा.

तर एके दिवशी त्याच हॉस्पिटलात जायची वेळ आली. त्याची जुनी फाइल इन्शुरन्सला हवी होती. पोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजून गेले, खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "उद्या या." झालं. मी तणतणत बाहेर निघाले. दाराजवळच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, शेजारी व्हीलचेअरवर तिचा म्हातारा डुलक्या घेतोय, तिच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट आणि त्यावर गोळ्यांच्या स्ट्रिप्सचा ढीग. मी बघितलं आणि पुढे गेले. खोटं कशाला बोलू, पार पायऱ्यांपर्यंत गेले. मागून हाक आली, "बाई, हे काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवता का?"

परत आले. पाच प्रकारच्या गोळ्या. कागद वाचून दाखवला तर तिने मान हलवली. ती मान मला ओळखीची होती, डॉक्टरांसमोर वर्षभर मीच तशी हलवत होते, डोक्यात काही न शिरता. मग बसले तिथेच. फाइलवर नाव घालायला म्हणून पर्समध्ये मार्कर आणलेला, त्याने स्ट्रिपच्या मागे चित्रं काढायला लागले. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, जेवणानंतरच्या गोळीला ताट. त्या चंदेरी कागदावर मार्कर लगेच वाळत नाही, बोट लागलं की पसरतो, म्हणून मी एकेक स्ट्रिप तोंडासमोर धरून फुंकर मारतेय आणि म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतेय. एका गोळीचं अक्षर लागेना तेव्हा आत जाऊन सिस्टरला विचारून आले.

मग तिला समजावत होते, "उद्या सकाळी उठल्यावर आधी ही, सूर्याची..." आणि मधेच थांबले. आठ महिन्यांत 'उद्या' हा शब्द मी कशासाठीच वापरला नव्हता. दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, तो असाच, खिडकीतून. आणि आता मीच एका अनोळखी बाईला उद्याची सकाळ चित्र काढून देत होते.

तिने विचारलं, "तुमचं कोण हाय आत?" म्हटलं, "आता कुणी नाही." अरेरे नाही, देवाची मर्जी नाही, काही नाही. तिने मांडीवरचं पाकीट उचलून पलीकडे ठेवलं, अजून थोडी सरकली आणि म्हणाली, "बसा वाईच." गाडी येईपर्यंत बसलो दोघी. नाव तिनेही विचारलं नाही, मीही नाही.

त्या रात्री बायबलमधला लूकचा २४वा अध्याय काढला. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे दोघं शिष्य. येशूला क्रुसावर मारलंय, आणि हे वाटेत भेटलेल्या परक्या माणसाला सांगतायत की 'आम्हाला आशा होती की इस्राएलाची सुटका करणार तो हाच.' होती. भूतकाळ. इतक्या वर्षांत हजारदा वाचलं असेल, तो 'होती' कधी टोचला नव्हता. त्यानंतर तो परका पुढे जायला निघतो, तर हे दोघं त्याला आग्रह करतात, दिवस उतरलाय, आमच्याकडे राहा. आणि मग भाकरी मोडताना कळतं कोण आहे ते. म्हणजे त्यांच्याकडे आशा शिल्लक नव्हती तेव्हाही एक गोष्ट शिल्लक होती, अंधार पडताना परक्याला वाटेवर सोडायचं नाही.

त्या रात्री प्रार्थना केली. दोन शब्दांची. काय ते नाही सांगत.

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का. आणि याला ख्रिस्ती आशा म्हणायचं की मदत केल्यावर बरं वाटतं तसलंच काहीतरी? मला खरंच ठरवता येत नाहीये.

वाटसरू_७
वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. फुंकर मारून वाळवणं डोळ्यासमोरून जात नाही.
एक प्रश्न, दुपारची गोळी होती का? असेल तर तिला काय काढलंत?

शंकासूर
ताई, आधी सांगतो की तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर आहे. मी देव वगैरे मानत नाही तरी इथे नेहमी वाचतो. पण तुम्ही स्वतःच शेवटी विचारलंय म्हणून बोलतो. दुसऱ्याला मदत केली की मेंदूला बक्षीस मिळतं, माणूस कळपाने जगणारा प्राणी आहे त्यामुळे ते असणारच. कुठल्याही धर्माच्या माणसाला, बिनधर्माच्यालाही ते होतं. त्याला 'ख्रिस्ती' असं लेबल कशाला? मीही लोकांना मदत करतो, मला पण छान वाटतं, लूक न वाचता.

पैलतीर
@शंकासूर, रागावले नाही, प्रश्न माझाच आहे. पण एक सांगते, मला छान वाटलं नाही हो. घरी येऊन त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडले, आठ महिन्यांत रडले नव्हते तेवढं. बरं वाटणं म्हणतात ते हे नसावं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडलं तेव्हा डोक्यात आलं की आता ती सूर्याची गोळी काढत असेल. एवढंच.
@वाटसरू, सांगते नंतर.

घड्याळ_मागे
धागा आवडला. यावर एक जुना प्रयोग आठवला तो सांगतो, मानसशास्त्र शिकताना वाचलेला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी प्रिन्स्टनच्या सेमिनरीत म्हणजे पाळक व्हायला शिकणाऱ्या मुलांवर केला, १९७३ला छापून आला. ४० विद्यार्थी. त्यांना सांगितलं पलीकडच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचंय. निम्म्यांना विषय दिला चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लुटून वाटेत टाकलेल्या माणसाला आपले लोक ओलांडून जातात आणि परक्या, नकोशा शोमरोनी जमातीतला एक जण मदत करतो, ती येशूची गोष्ट), बाकीच्यांना नोकरीबिकरीबद्दल काहीतरी. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला, अर्थात ठरवून बसवलेला. कोण थांबतं ते बघायचं.

गंमत अशी की भाषणाचा विषय शोमरोनी असल्याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. उशीर झालाय पळा असं ज्यांना सांगितलं त्यांच्यातले १०% थांबले, बेताची घाई होती त्यांच्यातले ४५%, आणि ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३%. काही जण तर त्या माणसाला ओलांडून शोमरोन्यावर भाषण द्यायला गेले!!

म्हणून मला तुमच्या गोष्टीतला खरा हिरो तो खिडकीवाला वाटतो :) त्याने 'उद्या या' म्हणून तुम्हाला हाकललं नसतं, फाइल हातात पडली असती, तर तुम्ही ती म्हातारी बघितलीही नसती.

पैलतीर
अरे देवा. हे सुचलंच नव्हतं. त्या माणसाला मनातल्या मनात केवढ्या शिव्या घातल्यात मी.

वचनाप्रमाणे
भगिनी, साक्ष छान आहे, परंतु सावध करावंसं वाटतं. सत्कर्मातून आशा मिळते असा संदेश जाऊ नये. बायबलमधलं इफिसकरांस पत्र २:८-९ स्पष्ट सांगतं, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण म्हणजे उद्धार, कर्मे केल्याने नाही, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून. आपली आशा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आहे, गोळ्यांवर चित्रं काढण्यावर नाही.

रिकामा_घडा
@वचनाप्रमाणे, ८-९ वाचलंत तर १० पण वाचा की. सत्कर्मे करण्यासाठीच ख्रिस्त येशूमध्ये निर्माण केलेले आहोत असं पुढच्याच ओळीत आहे. आणि तिने कुठे म्हटलंय की चित्र काढलं म्हणून तारण झालं? ती म्हणतेय की दार बंद होतं ते किलकिलं झालं. कुणी उघडलं ते ती विचारतेय. तुम्ही उत्तर द्यायचं सोडून तिची परीक्षा घेताय.

वचनाप्रमाणे
मी परीक्षा घेत नाही. पण मूळ पाया विसरू नये एवढंच. असो. भगिनी, दुखावलं असेल तर क्षमा.

पैलतीर
नाही दुखावलं. पाया महत्त्वाचा आहेच. पण मला पाया पाठ होता आणि तरीही घरात अंधार होता, ही माझी अडचण होती.

काठावरचा
मला एक वेगळंच खटकतंय, बोचेल कदाचित. ह्या सगळ्यात ती म्हातारी कुठे आहे? तिचा नवरा आजारी, तिला अक्षरओळख नाही, पाच प्रकारच्या गोळ्या घेऊन ती दारात बसलीय आणि आपण इथे तिच्यावरून आपल्या आशेची चर्चा करतोय. मदत हवी असलेली माणसं आपल्या आत्मिक वाढीची खुराक होतात हे मला चर्चमध्येही दिसतं. भेट द्यायची, फोटो काढायचा, परत येऊन साक्ष द्यायची 'मला किती आशीर्वाद मिळाला'. आणि त्या माणसाचं पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही तसं केलंत असं नाही म्हणत, पण धोका आहे.

जुनाजाणता
@काठावरचा, धोका खराच आहे आणि बरं झालं बोललात. मी बरीच वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, त्या नादात जे सुचलं ते सांगतो.

मत्तय २५ आठवा, शेवटच्या न्यायाची गोष्ट. राजा लोकांना वेगळं करतो, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे. 'मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं' असं राजा म्हणतो तेव्हा नीतिमान लोक काय म्हणतात? 'प्रभू, आम्ही केव्हा?' त्यांना पत्ताच नाही. माझ्या मते सगळा अध्याय त्या 'केव्हा' वर उभा आहे. ज्यांनी आशीर्वादासाठी हिशेब ठेवून केलं असतं त्यांना तारीख-वारासकट पाठ असतं. गंमत म्हणजे डावीकडचे पण हेच विचारतात, केव्हा? दोन्हीकडच्यांना कळलेलं नाही, पण एकांनी केलंय आणि एकांनी नाही.

दुसरं, शोमरोन्याचा दाखला. यरुशलेम ते यरीहो साधारण २७ किलोमीटर आणि जवळपास हजार मीटरचा उतार, आडवाट, दबा धरून बसायला सोयीची. याजक गेला, लेवी म्हणजे मंदिरातला सेवक गेला, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या आधीच्याच अध्यायात, लूक ९मध्ये, एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिलेला नाही. याकोब आणि योहान हे शिष्य तर म्हणतात आकाशातून अग्नी पाडू का यांच्यावर. आणि लगेच दहाव्यात येशू गोष्ट सांगतो ती त्याच लोकांतल्या माणसाची! ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्यातला एक जण गोष्टीत दार उघडतो. ज्याच्या प्रश्नावरून येशू ही गोष्ट सांगतो त्या शास्त्र्याला तर शेवटी 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा तोंडातून काढवत नाही, 'ज्याने दया केली तो' म्हणतो.

आणि जुन्या मंडळीतले ओरिगेन, ऑगस्टीन वगैरे हा दाखला उलटा वाचायचे. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, आणि वाटेत पडलेला तो आपण. आपण सगळे स्वतःला शोमरोन्याच्या जागी ठेवून वाचतो म्हणून काठावरच्यांना दिसतो तो घोळ होतो. पैलतीर यांच्या गोष्टीत मला तरी कोण पडलं होतं आणि कुणी जागा करून दिली हे सरळ दिसतंय. बाकावर सरकली ती म्हातारी.

काठावरचा
हम्म. हे पटलं. सरकण्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, मागे जाऊन परत वाचलं.

निळी_छत्री
पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुका सांभाळून घ्या. मी दुसऱ्या बाजूची आहे. म्हणजे 'परकी' होते ती मी.

नोकरी गेली होती, राहायची जागा गेली होती, आणि एक रात्र मला स्टेशनवर काढावी लागली. बाई माणूस, एकटी, जवळ एक बॅग, त्यात सगळी सर्टिफिकेटं. दोन रात्री झोप नव्हती पण डोळे मिटले की बॅग जाईल ही भीती. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "झोप बेटा, बॅग मी बघतो." विश्वास ठेवायला काही कारण नव्हतं. पण इतकी दमले होते की झोपले. उठले तर साडेतीन तास झालेले आणि ते तसेच बसलेले, बॅगेच्या बंदात एक पाय अडकवून, म्हणजे कुणी ओढली तर त्यांना कळावं. त्यांची गाडी मधेच येऊन गेली होती. हे त्यांनी सांगितलं नाही, मी त्यांच्या हातातलं तिकीट बघितलं.

मी ख्रिस्ती घरातली, पण तेव्हा सोडून दिलं होतं सगळं. ते कोण होते, कुठल्या देवाचे, माहीत नाही. त्यांना आजही कल्पना नसेल की त्या साडेतीन तासांवर माझं पुढचं सगळं उभं आहे. देव झोपत नाही, डुलकी घेत नाही असं स्तोत्र १२१मध्ये आहे ना, मला ते वाचताना आजही तो बंदात अडकवलेला पाय दिसतो.

वाटसरू_७
@निळी_छत्री ___/\___

रिकामा_घडा
आता मी ऑफिसात बसून डोळे पुसतोय आणि शेजारचा विचारतोय काय झालं. धन्यवाद लोकहो.

मधलीसुट्टी
सगळ्यांच्या गोष्टी गोड आहेत म्हणून एक कडू सांगतो. आमच्या चर्चबाहेर एक जण आला, बायको हॉस्पिटलात आहे, गावी जायला पैसे नाहीत. मी दिले, बऱ्यापैकी दिले. पुढच्या महिन्यात तोच माणूस दुसऱ्या चर्चबाहेर, बायकोच्या जागी आई. तेव्हापासून माझा हात आखडलाय. कुणी हाक मारली की आधी संशय येतो, आणि मग स्वतःचाच राग येतो. यात कुठली आशा शोधू?

जुनाजाणता
@मधलीसुट्टी, तुमच्यासारखे पहिल्या मंडळीतही होते, एकटे समजू नका. डिडाखे नावाचं फार जुनं लिखाण आहे, पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याची सुरुवात. त्यात मंडळीला सूचना आहेत की प्रभूच्या नावाने कुणी आला तर त्याला घ्या, पण पारखा. वाटसरू असेल तर मदत करा, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, राहायचंच असेल तर काम करू दे. आणि संदेष्टा म्हणवणारा पैसे मागायला लागला तर तो खोटा. म्हणजे फसवणारे तेव्हापासून आहेत! पण त्यांच्यामुळे दार कायमचं लावा असं कुठेही लिहिलेलं नाही. डोळे उघडे ठेवा, दारही उघडं ठेवा.

मी स्वतः पैशाऐवजी वेळ देतो. बायको हॉस्पिटलात आहे? चला, मी येतो बरोबर. खोटा असेल तर तिथेच सटकतो, खरा असेल तर त्याला पैशापेक्षा सोबतच हवी असते.

मधलीसुट्टी
हा उपाय करून बघतो. हात आखडलाय तो लगेच सुटेल असं वाटत नाही, पण बघतो.

शंकासूर
मी परत आलो. निळी छत्री यांचं वाचून काल रात्री नीट झोप लागली नाही, त्यामुळे तुमच्यावर राग आहे :)
माझा मुद्दा अजून तिथेच आहे की हे सगळ्यांना होतं, त्याला ख्रिस्ती म्हणायची गरज नाही. पण पैलतीर यांनी 'बरं वाटलं नाही' असं लिहिलं त्यावर विचार करतोय. मेंदूचं बक्षीस वगैरे मी म्हणालो ते मग बसत नाही. बरं वाटलं नाही आणि तरी दुसऱ्या दिवशीकडे तोंड वळलं, याला माझ्याकडे शब्द नाही. तुमच्याकडे आहे, तो वापरा, माझी हरकत मागे.

घड्याळ_मागे
अरे आज इथे शंकासुराने हरकत मागे घेतली, कुणीतरी नोंद करा.

पैलतीर
सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. सगळ्यांना वेगवेगळं लिहीत बसत नाही.

सारफथच्या विधवेची गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मी काढते, १ राजे १७. दुष्काळ पडलाय, ती काटक्या गोळा करतेय, मडक्यात मूठभर पीठ, थोडं तेल. ठरवलंय की मी आणि मुलगा शेवटचं खाऊ आणि मरू. आणि नेमका तेव्हाच परक्या मुलखातला एलीया संदेष्टा येऊन म्हणतो, आधी मला भाकर करून आण. पूर्वी वाचताना वाटायचं काय हा निर्लज्जपणा, विधवेकडे मागतो. आता वाटतं की तिच्या घरात मरणाशिवाय दुसरं काही बोलायला उरलं नव्हतं आणि कुणीतरी तिला काम सांगितलं. मडक्यातलं पीठ सरलं नाही असं पुढे आहे, पण ते कणग्या भरभरून आलं असंही नाही. रोजच्यापुरतं. माझंही तसंच चाललंय, शंकासूर. आशा काही पोतंभर मिळालेली नाही. त्या दिवसाच्या गोळ्यांइतकी मिळते.

आणि हो, तीन दिवसांनी फाइल आणायला परत गेले होते. ती दोघं अर्थातच नव्हती. खिडकीवर तोच माणूस. म्हटलं थँक यू. तो दचकला, म्हणाला कशाबद्दल. काय सांगणार.

वाटसरू_७
दुपारची गोळी राहिली!!

पैलतीर
हो हो. होती ना दुपारची. सूर्यच काढावा लागला, पण मग सकाळचा आणि दुपारचा एकच दिसणार. म्हणून सकाळच्या सूर्याच्या खाली आडवी रेघ मारली, अर्धा वर, अर्धा खाली. म्हातारी म्हणाली, "हा बुडतोय का?" म्हटलं, "नाही आजी, हा उगवतोय." तिने स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली, बघितली, म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, दिसायला दोन्ही सारखंच दिसतं." मग मी रेघेच्या बाजूला एक कोंबडा काढला. कोंबड्यासारखा अजिबात दिसत नव्हता, पण तिला कळला.